वराहाच्या पोटाखालून

नमस्कार मंडळी. जेवणं झाली असतील तर बरंच, नाही तर ताट घेऊनच बसा रेडिओजवळ, आपलं काही म्हणणं नाही. आज आपल्याच नागपूर जिल्ह्यात फिरायचंय, आणि सुरुवात रामटेकपासून, म्हणजे शहरापासून साधारण पन्नास किलोमीटर.

लहानपणी आजी आम्हाला कार्तिक पौर्णिमेला गडावर न्यायची, त्रिपूर बघायला. गर्दी अशी की पायरीवर पाय ठेवायला जागा नाही, त्यात ती माकडं, हातातला प्रसाद कधी गेला पत्ताच लागायचा नाही. गडावर लाल दगडाचा मोठ्ठा वराह उभा आहे, तुम्ही पाहिलाच असेल. त्याच्या पोटाखालून जो सरपटत पार झाला तो पुण्यवान, जो अडकला तो पापी. आम्ही पोट्टे सटकन निघून जायचो. आमचे एक काका एकदा अर्ध्यातच अडकले, मागचे लोक हसून राहिले, काका घामाघूम, तं आजी म्हणते, "पाप नाही रे बापा, आलूबोंडे आहेत ते."

आजीकडे गडाच्या प्रत्येक दगडाची गोष्ट होती. नरसिंहानं हिरण्यकश्यपूला इथंच फाडला, त्याच्या रक्तानं डोंगर लाल झाला म्हणून हा सिंदूरगिरी. खाली अंबाळा तलाव, तिथं अंब नावाच्या राजाचं कोड त्या पाण्यानं बरं झालं. आणि एक शंबुकाची. तो शूद्र असून तप करतो म्हणून रामानं त्याला मारलं, मरताना त्यानं वर मागितले, त्यातला एक असा की रामाच्या आधी माझी पूजा व्हावी, म्हणून गडावर आधी धूम्रेश्वराला, म्हणजे शंबुकाच्याच ठिकाणी, जायचं. ही गोष्ट आजी घाईघाईत सांगायची. काहून, ते तेव्हा नाही कळलं. आता वाटतं की तिलाही ती घशाखाली उतरत नसावी, पण धूम्रेश्वराला पाणी वाहिल्याशिवाय ती कधी वर गेली नाही.

बरं, कालिदास. मेघदूतातला यक्ष रामगिरीवर राहतो नं, आषाढाच्या पहिल्या दिवशी त्याला तो ढग दिसतो, तो रामगिरी म्हणजे आपलं रामटेक, असं आपल्या नागपूरचे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी मांडलं. छत्तीसगडवाले म्हणतात आमचा रामगड. म्हणू द्या. कालिदास लिहितो की त्या डोंगरावर रघुपतीच्या पावलांच्या खुणा आहेत. आता ही पावलं जरा लक्षात ठेवा, पुढं लागतील.

आता गडावरून खाली उतरू आणि नगरधनला जाऊ, आठ-नऊ किलोमीटरवर. खरं सांगतो, मी रामटेकला किती वेळा गेलो असेन त्याची मोजदाद नाही पण नगरधनला पहिल्यांदा गेलो तेव्हा माझे केस पांढरे झाले होते. तो गावाबाहेरचा चौकोनी किल्ला, आज दिसतो तो भोसल्यांच्या काळातला, पण जागा फार जुनी, कारण नगरधन म्हणजे वाकाटक राजघराण्याचं नंदिवर्धन. सोळाशे वर्षांपूर्वीची राजधानी, जिथं आता चहूकडे शेतं आहेत.

आणि तिथून राज्य चालवलं एका बाईनं. प्रभावतीगुप्ता तिचं नाव. बाप म्हणजे दुसरा चंद्रगुप्त, तिकडं उत्तरेतला एवढा मोठा सम्राट, आणि सासर आपल्याकडं. नवरा रुद्रसेन लवकर गेला, पोरं लहान, तं हिनंच कारभार हातात घेतला आणि तोही महिना-दोन महिने नाही, निदान 13 वर्षं, कारण तेराव्या वर्षाचा तिचा ताम्रपटच आहे, नंदिवर्धनाहून दिलेला. मिळाला कुठं? पुण्यात, एका तांबटाच्या घरी. म्हणजे आपल्या राणीचा कागद पुण्यात, हे आपलं नेहमीचंच. त्यात गंमत अशी की तिनं गोत्र लावलंय ते माहेरचं, धारण, सासरचं विष्णुवृद्ध नाही. आजच्या काळात एखाद्या सुनेनं असं केलं तं घरात किती बोलणी होतील याचा विचार करा.

दुसरा ताम्रपट अमरावतीकडं रिद्धपूरला सापडला, आणि तो कुठून दिलाय असं लिहिलंय तं "रामगिरिस्वामीच्या पायांपासून". आली का पावलं परत? म्हणजे राणी गडावर येत होती, देवाच्या पायांशी बसून दान देत होती, आणि मिराशींनी कालिदासाची पावलं न् राणीची पावलं जोडली ती इथंच. गडावर केवल नरसिंहाचं देऊळ आहे, रामाच्या दर्शनाच्या घाईत लोक त्याच्या बाजूनं निघून जातात, त्याच्या भिंतीत प्लास्टरखाली एक शिलालेख दडलेला होता, तो 1980 नंतर उघडा पडला. बराचसा झिजलाय, पण त्यात आईच्या पुण्यासाठी बांधलेल्या देवळाचा उल्लेख आहे, देवाचं नाव प्रभावतीस्वामी.

मग 2015 ते 2018 मध्ये नगरधनला उत्खनन झालं, आणि मातीचा इवलासा शिक्का निघाला, राणीच्या नावाचा, त्यावर शंख. एवढूसा. मी त्याचा फोटो पाहिला तेव्हा आजीची फार आठवण आली. तिच्याकडं राम होता, शंबुक होता, अंब राजा होता, हिडिंबासुद्धा होती, कारण मनसरच्या टेकडीला लोक हिडिंबा टेकडी म्हणतात आणि खोदलं तं तिथंही वाकाटकांच्या काळातली विटांची बांधकामं निघाली. तिथली शंकराची सुंदर मूर्ती आता दिल्लीच्या नॅशनल म्युझियममध्ये आहे. पण आजीच्या गोष्टींत प्रभावती नव्हती. हिडिंबा राहिली, राणी गळाली. आणि वराहाच्या पोटाखालून सरपटताना आम्हाला कोणी सांगितलं नाही की बाबा, हे त्याच घराण्याच्या काळातलं काम आहे.

सीताबर्डीबद्दल दोन शब्द, नाही तर शहरवाले रागावतील. शितलाप्रसाद आणि बद्रीप्रसाद नावाच्या दोन गवळी भावांवरून टेकडीला नाव पडलं म्हणतात. 26 आणि 27 नोव्हेंबर 1817 ला तिथं अप्पासाहेब भोसल्यांची फौज इंग्रजांपुढं हरली आणि मग इंग्रजांनी वर किल्ला बांधला. एरवी तो मिलिटरीकडं असतो, पण 26 जानेवारी, 15 ऑगस्टला उघडतात, रांग लावून बघून या.

नगरधनला मात्र रांग नसते. किल्ल्याच्या आत एक विहीर आहे, पायऱ्या उतरून जमिनीखाली गेलं की भुयारात देवी आहे. बाहेर मे महिन्याचं ऊन असलं तरी आत गारेगार. पायऱ्या उतरताना भिंतीला हात लावून उतरा, डोकं वाकवून, आणि आलूबोंडे परत आल्यावर खा.