मरवा, सब्जा आणि मार्चची कोरडी हवा

[गजऱ्यांची टोपली. अबोलीत गुंफलेल्या हिरव्या काड्या.]

पास्त्याच्या सॉससाठी सुक्या सुगंधी पानांचं मिश्रण घरीच करता येतं. त्यातलं एक पान आपल्या ओळखीचंच. मंडईबाहेरच्या गजऱ्यांत अबोलीच्या मध्ये दिसतो तो मरवा. पास्त्याच्या सॉसमध्ये पडणारं मार्जोरम ते हेच. ओरेगॅनोचं सख्खं भावंड, फक्त वासाला मवाळ. गजऱ्यातला मरवा मात्र भांड्यात टाकू नये. त्यावर कसली फवारणी झाली, कळायला मार्ग नसतो. कुंडीत काडी खोचली तरी रुजतो.

बेझिलही तितकंसं परकं नाही. फालुद्यातला सब्जा हे त्याचंच बी. पण बेझिल नाही म्हणून तुळस वापरली, तर सॉसला काढ्याचा वास येतो. तुळशीतल्या युजेनॉलचा, म्हणजे लवंगेतल्याच तेलाचा, तो प्रताप.

मिश्रणाचं प्रमाण सोपं आहे. हात बसतो तो वाळवताना.

[कापडावर पसरलेली पानं. वर पंखा.]

पुण्यात मार्च-एप्रिलची हवा खडखडीत कोरडी. याच दिवसांत गच्चीवर कुरडया वाळत असतात, पण ही पानं तिथे न्यायची नाहीत. उन्हात रंग जातो आणि सुगंधी तेल उडून जातं. मग उरतो तो पाचोळा. झाडाला फुलं येण्याआधी, सकाळचं दव सुकल्यावर काड्या कापायच्या. धुतल्या तर पाणी पूर्ण निथळू द्यायचं.

ओरेगॅनो आणि थाईमच्या आठ-दहा काड्यांची जुडी रबरबँडने बांधून सावलीत उलटी टांगायची. दोरा नको. काड्या वाळून बारीक होतात आणि दोऱ्यातून निसटतात. आठवडा ते दहा दिवस लागतात.

बेझिल जास्त नाजूक. पान चुरगळलं किंवा ओलं राहिलं, की त्यातली एन्झाइम्स कामाला लागतात आणि पान काळं पडतं. म्हणून पानं अलगद खुडून सुती कापडावर एकेरी थरात, मंद पंख्याखाली तीन-चार दिवस. 100 ग्रॅम ताज्या पानांची जेमतेम 10 ग्रॅम होतात, तेव्हा जुड्या हात राखून आणू नका.

पावसाळ्यात हे जमत नाही, बुरशी धरते. तेव्हा मायक्रोवेव्ह: दोन टिश्यूपेपरमध्ये पानं, आधी 30 सेकंद, मग दहा-दहा सेकंद. समोरून हलायचं नाही. जास्त झालं तर पानं पेट घेतात.

काडी कटकन मोडली की झालं. तरी पानं काचेच्या बाटलीत रात्रभर झाकून ठेवायची. सकाळी आतून काचेवर वाफ धरलेली दिसली, तर पुन्हा कापडावर.

[खलबत्ता, जवळून.]

आता मिश्रण. ओरेगॅनो तीन मोठे चमचे, बेझिल तीन, मरवा, थाईम आणि रोजमेरी एकेक. रोजमेरीची पानं सुईसारखी, शिजूनही टोचतात. ती आधी वेगळी कुटायची. बाकीची पानं शक्यतो अख्खीच ठेवावीत, वापरताना तळहातावर चुरडावीत. थाईम मिळालं नाही तर पाव छोटा चमचा ओवा कुटून घाला. दोन्हींत थायमॉल हे एकच सुगंधी द्रव्य असतं. त्याहून जास्त घातलात, तर पास्त्याला भज्यांचा वास येईल.

मीठ आणि लसूण पावडर यात नको. दोन्ही ओल ओढतात, मिश्रणाचे गोळे होतात.

अर्धा किलो टोमॅटोला एक छोटा चमचा पुरतो. ऑलिव्ह तेलात लसूण परतला की मंद आचेवर हे मिश्रण, दहा सेकंदांत टोमॅटो, मग पंधरा-वीस मिनिटं शिजू द्यायचं. सुक्या पानांचा वास तेलात उतरतो आणि त्याला वेळ लागतो. शेवटी वरून भुरभुरलं, तर दाताखाली नुसता चुरा.

बाटली गॅसपासून लांब, अंधाऱ्या फडताळात, तारीख लिहून. बेझिलचा वास सगळ्यांत आधी उतरतो. ऑक्टोबर हीटमध्ये तेवढंच नव्याने वाळवून त्याच बाटलीत मिसळता येतं.