चरबीच्या धास्तीने ताक सोडू नका

(यवतमाळ जिल्ह्यातील एका गावात महिला बचत गटांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

भगिनींनो, तपासणीला आलेल्या 55 वर्षांच्या एका काकूंनी मला सांगितले, "रक्तात चरबी निघाली, म्हणून दूध, दही, ताक, तीळ सारेच बंद केले." दोन वर्षांनी त्याच काकू शेताच्या ओल्या धुऱ्यावरून घसरल्या, तोल सावरायला त्यांनी नुसता हात टेकला आणि मनगटाचे हाड मोडले. आज मला या चरबीविषयी आणि या हाडाविषयी एकत्रच बोलायचे आहे.

पाळी जाण्याच्या सुमारास अंडाशयातून येणारे इस्ट्रोजेन ओसरते. हेच संप्रेरक रक्तातले एलडीएल कोलेस्टेरॉल, म्हणजे रक्तवाहिन्यांत साचणारी वाईट चरबी, उचलून घ्यायला यकृताला मदत करते आणि हाड झिजवणाऱ्या पेशींनाही तेच आवर घालते. त्यामुळे शेवटच्या पाळीच्या आगेमागे वर्षभरातच एलडीएल चढते आणि त्याच काळात काही वर्षे मणक्याची हाडे दरसाल सुमारे 2 टक्के विरळ होत जातात. कोलेस्टेरॉलच हाड खाते, असे मी म्हणणार नाही, कारण त्याविषयीच्या अभ्यासांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. मात्र दोन्ही बदल काही न दुखता होतात. गुडघेदुखी हे हाड ठिसूळ झाल्याचे लक्षण नव्हे, तो सांध्याचा आजार आहे. ठिसूळ हाड मोडेपर्यंत बोलत नाही. एक खूण मात्र घरच्या घरी कळते: नेहमीचे लुगडे जमिनीला लागू लागले, निऱ्या पूर्वीपेक्षा जास्त खोचाव्या लागल्या, तर मणके दबून उंची घटली असण्याची शक्यता असते आणि तेव्हा डॉक्टरांना दाखवावे.

आता ताकाकडे येते. दही घुसळले की चरबी लोण्याबरोबर निघून जाते, पण कॅल्शियम बहुतांशी ताकातच राहते. म्हणजे ज्या स्त्रीची चरबी वाढली आहे, तिच्यासाठी तर ताक अधिकच सोयीचे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने 2020 मध्ये पाळी गेलेल्या स्त्रीसाठी रोज 1200 मिलिग्रॅम कॅल्शियमची शिफारस केली आहे. पेलाभर दुधातून त्यातले सुमारे 240 मिळते, आणि ज्वारीची भाकर व तुरीचे वरण यांतून फारच थोडे. तिळाची चटणी ही भर घालते, तर जवसाची चटणी एलडीएल काहीसे उतरवायला मदत करते. आपल्या आजीच्या पाट्यावर या दोन्ही होत्याच. कमी करायचे ते वनस्पती तूप आणि पुन्हापुन्हा तापवलेले तळणीचे तेल. तंबाखू-सुपारीचा खर्रा तर रक्तवाहिन्या आणि हाडे दोहोंनाही बाधतो.

खाल्लेले कॅल्शियम अंगी लागायला ड जीवनसत्त्व लागते आणि ते ऊन अंगावर पडले की त्वचेत तयार होते. "आम्ही दिवसभर उन्हातच असतो, मग ड जीवनसत्त्व कमी कसे?" असे तुम्ही विचारता. कापूस वेचताना कंबरेला ओटी, लुगड्यावर नवऱ्याचा पूर्ण बाह्यांचा सदरा आणि डोक्यापासून गळ्यापर्यंत दुपट्टा असतो. काटे आणि ऊन टाळायला ते योग्यच आहे, पण मग ऊन पोचते ते तळहातावर आणि नाकाच्या शेंड्यावर. म्हणून डॉक्टरांनी ड जीवनसत्त्व तपासायला सांगितले, तर ते टाळू नका.

ज्यांची गर्भपिशवी काढली आहे, त्यांच्याविषयी मला सर्वांत जास्त काळजी वाटते. पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयही काढले असतील, तर इस्ट्रोजेन हळूहळू नव्हे, एकदम जाते आणि पस्तिशीतल्या बाईची हाडे व रक्तवाहिन्या पन्नाशीच्या वाटेला लागतात. घरी गेल्यावर ऑपरेशनचा कागद शोधा, अंडाशय राहिले की काढले हे त्यावर लिहिलेले असते, आणि पुढच्या तपासणीला तो सोबत आणा.