सात सीटर डिझेल गाडी खाली लागते? ब्रेकरवर ब्रेक दाबू नका!

नमस्कार मंडळी! मागच्या सात सीटरच्या व्हिडिओखाली निम्म्या कमेंट एकाच गोष्टीच्या, 'दादा, गाडी खाली लागते, काय करू?' पेडण्यातून, फोंड्यातून, काणकोणातून, सगळीकडून. आणि आता चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, तोंडावर आलीय, गाड्या भरून सगळे गावच्या घरी निघणार, म्हणून म्हटलं आजच बोलतो.

ग्राउंड क्लिअरन्स म्हणजे रस्ता आणि गाडीचं पोट यांच्यातली मोकळी जागा, हे तुम्हाला माहितीय. लॉजी १७४ एमएम, जुनी अर्टिगा १८५, कॅरेन्स १९५, हे आकडे कमेंटमध्ये तुम्हीच मला पाठवता. पण ते रिकाम्या गाडीचे हो! घरची सात माणसं बसवून बघा. मी बसवली. चाकाच्या मधल्या टोपीपासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंत टेप धरला, आधी रिकामी, मग आई, बाबा, भावोजी, ताई, पोरं सगळी आत. मागची बाजू पाच सेंटीमीटर खाली आली. पाच! आणि डिकीत सामान अजून ठेवलंच नव्हतं.

आता ब्रेकर. नियमातला ब्रेकर १० सेंटीमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असायला पाहिजे, इंडियन रोड्स काँग्रेसचं तसं मापच आहे. आपल्या गाडीच्या दोन चाकांमधलं अंतर साधारण पावणेतीन मीटर, म्हणजे पुढचं आणि मागचं चाक दोन्ही एकाच वेळी त्या उंचवट्यावर चढलेली असतात, आणि पोटाखालचे जातात फक्त साडेपाच सेंटीमीटर. कुठलीही गाडी आरामात जाते. पण वाड्यावर रात्रीत डांबर ओतून केलेला तो अरुंद ढिगारा? पुढची चाकं उतरली, मागची अजून चढली नाहीत, आणि १४-१५ सेंटीमीटरचा अख्खा ढिगारा बरोब्बर पोटाखाली. मला याचा खरंच राग येतो, कारण त्यात गाडीची काही चूक नाही आणि खर्च मात्र आपला.

यावर ठरलेली कमेंट, 'तिरपी घाल रे.' बाबांनो, तिरपी घालणं कामाचं कुठे? घराच्या रॅम्पवर, जिथं पुढचा बंपर लागतो तिथं. अरुंद ब्रेकरवर गाडी तिरपी घातली तरी एक क्षण असा येतोच की चारही चाकं खाली आणि ढिगारा मध्ये. तो टाळायचा तर गाडी ब्रेकरला जवळजवळ समांतर धरावी लागेल, आणि आपल्या गावच्या रस्त्यावर तेवढी जागा कुठाय?

मग खरी गोष्ट काय, तर ब्रेक. ब्रेक दाबला की गाडीचं नाक खाली जातं. बहुतेक लोक काय करतात, ब्रेकर दिसला, ब्रेक दाबला, आणि तो दाबलेलाच ठेवून वर चढतात, तसेच उतरतात. पुढची चाकं उतरताना स्प्रिंग आधीच दबणार, त्यात तुम्ही ब्रेकने अजून दाबता, आणि नेमकं त्याच वेळी इंजिन ढिगाऱ्यावर असतं. डिझेल इंजिन पेट्रोलपेक्षा जड, म्हणजे नाकावरचं वजन आणखी.

मी हे तपासलं. आमच्या डिचोलीतल्या घरामागच्या ब्रेकरवर ओला चुना फासला, सगळ्यांना बसवलं आणि दोनदा गेलो. पहिल्यांदा ब्रेक दाबून. चटई टाकून टॉर्च घेऊन खाली झोपलो, तर इंजिन गार्डच्या दोन बोल्टांवर पांढरा ठसा आणि सायलेन्सरच्या जोडावर बोटभर चुना. पुसलं, परत चुना लावला. या खेपेला ब्रेकरच्या आधीच गाडी जवळजवळ थांबवली, पहिला गिअर, क्लच पूर्ण सोडला, पाय ब्रेकवर नाही, ॲक्सिलरेटरवर नाही. डिझेलला ताकद असते ना खालच्या आरपीएमला, गाडी आपोआप रांगत जाते. बोल्ट कोरडे! सायलेन्सरच्या जोडाला फक्त एक पुसट रेघ. तीच गाडी, तीच माणसं.

गेल्या वर्षी हे मला कळत नव्हतं. साखळीवरून केरीला निघालो होतो चवथीला, मागे माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर फळं-फुलं टांगून सजवतात त्याचं सामान, नारळ, भोपळा, केळ्यांचा घड, सुपारीचे शिपटे. शेवटच्या ब्रेकरवर मी घाबरून ब्रेक दाबला आणि खालून असा आवाज आला की आई म्हणाली, 'बाळा, थांबव, आम्ही उतरतो.' उतरले सगळे, गाडी सहज पार झाली. तुम्हीही लाजू नका, उतरवा माणसं. पण आधी ब्रेक सोडायला शिका, बऱ्याचदा उतरावं लागणारच नाही.

बाकीचं पटापट. हवा गाडीवरच्या स्टिकरवर पूर्ण लोडची दिलेली असते तेवढी भरा. १८५/६५ मापाचे टायर काढून थोडे उंच १८५/७० टाकले तर गाडी फक्त नऊ एमएम वर येते, आणि स्पीडोमीटर ६० दाखवतो तेव्हा गाडी जवळपास ६२ ने पळते. रबरी बफर स्प्रिंगमध्ये घालायचे तर मागे घाला, भरलेली गाडी कमी बसते, पण रिकामी असताना जरा आदळते, हे धरून चाला. पुढे मी घालणार नाही. आणि आठ-दहा वर्षांची गाडी असेल तर आधी मागच्या स्प्रिंगच बसल्यात का बघा, मी बदलल्यावर दीड सेंटीमीटर परत मिळाले. जाड लोखंडी गार्ड लावताय? तो स्वतःच खाली लटकतो, जागा अजून कमी होते.

आणि एक, जोरात लागली आणि ऑईलची लाल लाईट पेटली, तर तिथल्या तिथं इंजिन बंद. 'गॅरेज इथंच आहे, पोचवतो' असं अजिबात करू नका, संप, म्हणजे इंजिनखालची ऑईलची टाकी, फुटला असेल तर त्या दोन किलोमीटरमध्ये इंजिन जातं. टो करून न्या.

तुमच्या वाड्यावरचा ब्रेकर टेपने मोजा, उंची आणि रुंदी दोन्ही, आणि गावाच्या नावासकट कमेंटमध्ये टाका. दहा सेंटीमीटरच्या वरचे जेवढे येतील त्यांची यादी करून मी त्या त्या पंचायतीला लेखी देणार आहे.