सांध्याची घासणी

आज मिक्सर बंद आहे. खड्ड्यात माणूस एकच, हातात तारेचा ब्रश.

तो घासतोय ते फुटिंग, म्हणजे कॉलमखालचा काँक्रीटचा पाया, काल भरलं. त्याच्याखाली आधी टाकलेली पीसीसी, म्हणजे साध्या काँक्रीटची गादी, आहे, ३-४ इंच जाडीची, बिनसळईची. सळयांची जाळी चिखलात रुतू नये आणि कॉलमच्या रेघा मारायला साफ जागा मिळावी, म्हणून ती. फुटिंगवर कॉलम येईल, त्याच्यावर प्लिंथ बीम, म्हणजे जोत्याच्या पातळीला कॉलम जोडणारी आडवी तुळई. सगळं एका दमात कसं भरणार? फुटिंग घट्ट झाल्याशिवाय कॉलमच्या साच्याच्या फळ्या उभ्या करायच्या कशावर? जुन्या काँक्रीटवर नवं जिथे बसतं, तो सांधा.

हे कालचं. जाळी ५० मिलिमीटरच्या कव्हर ब्लॉकवर, म्हणजे तिला तळापासून वर धरणाऱ्या ठोकळ्यांवर, उचललेली, कॉलमच्या सळयांचे वाकवलेले पाय तिलाच बांधलेले. व्हायब्रेटरची नीडल, म्हणजे थरथरणारी दांडी, मालात (ओल्या काँक्रीटमध्ये) सरळ उतरते, बुडबुडे वर येतात. बाहेर काढायची ती मात्र सावकाश. झटक्यात ओढली की मागे पोकळी राहते.

आता पुन्हा ब्रशकडे. माल बसताना पाणी वर येतं आणि सिमेंटची बारीक पूड सोबत आणतं. तिचीच ही साय. दिसायला गुळगुळीत, त्यामुळे बघणाऱ्याला वाटतं, काम छान झालंय. नख मारलं की पावडर निघते. नवा माल हिच्यावर पडला तर तो सायीला चिकटेल, फुटिंगला नाही. म्हणून खडीची टोकं उघडी पडेपर्यंत घासायचं.

(निवेदन थांबतं. फक्त ब्रशचा आवाज.)

मग धुणं. जागा ओली हवी, पण डबकं नको. कोपऱ्यातलं पाणी तो फडक्याने टिपतोय. काही जण वर सिमेंटची स्लरी (पातळ घोळ) फासतात. फासली, तर ती ओली असतानाच माल पडला पाहिजे. वाळलेली स्लरी म्हणजे आपल्याच हाताने आणलेली नवी साय.

सांधा कच्चा राहिला तर पाणी शिरतं, सळई गंजते.

प्लिंथ बीमचा दिवस. भरणं अर्ध्यात सोडावं लागलंच, तर कॉलमला लागून थांबत नाहीत. दोन कॉलमच्या मधल्या भागात उभी फळी मारतात. माल उतरता सोडून देत नाहीत.

ही ओली गोणपाटं. काँक्रीट वाळून कडक होतं हा गैरसमज. सिमेंट आणि पाणी यांची क्रिया चालू राहिली तरच ताकद येते. म्हणून किमान ७ दिवस ओलावा.

माती भरायला घेतली. थर टाकायचा, पाणी मारायचं, धुमसायचं. तिसऱ्या थराला सांधा दिसेनासा झाला.