कानात सांगितलेली दुरुस्ती

18 मार्च 2008. जॉर्डनची राजधानी अम्मान. माइकसमोर बोलतायत जॉन मॅकेन, रिपब्लिकन पक्षाचे राष्ट्राध्यक्षपदाचे होऊ घातलेले उमेदवार. बोलण्याच्या ओघात ते सांगून जातात, की इराण अल कायदाच्या लोकांना प्रशिक्षण देतो.

आता जवळ उभ्या असलेल्या माणसाकडे बघा. तो पुढे झुकतो, मॅकेन यांच्या कानाशी लागतो, दोन शब्द बोलतो. मॅकेन लगेच माफी मागून वाक्य दुरुस्त करतात: अल कायदा नव्हे, दुसरे अतिरेकी.

हे जो लिबरमन. कनेक्टिकटचे सिनेटर. आठच वर्षांपूर्वी, 2000 साली, अल गोर यांच्याबरोबर डेमोक्रॅटिक पक्षाकडून उपराष्ट्राध्यक्षपदासाठी ते उभे होते.

मग इराक युद्ध आलं. लिबरमन यांनी युद्धाची पाठराखण केली आणि 2006च्या प्राथमिक निवडणुकीत स्वतःच्याच पक्षाच्या मतदारांनी त्यांना नाकारलं. ते अपक्ष उभे राहिले आणि निवडून आले. आपल्याकडे याला कुणी पक्षांतर म्हणेल, पण सिनेटमध्ये ते डेमोक्रॅटांबरोबरच राहिले. त्या पक्षाचं 51 विरुद्ध 49 हे काठावरचं बहुमत त्यांच्यामुळे टिकून होतं. गर्भपाताच्या हक्काला त्यांचा पाठिंबा होता, तोही सुटला नाही. तरी डिसेंबर 2007मध्ये, न्यू हॅम्पशरमध्ये, त्यांनी मॅकेन यांना जाहीर पाठिंबा दिला.

2008च्या उन्हाळ्यात एकच चर्चा: मॅकेन पक्षाची भिंत ओलांडून लिबरमन यांना उपराष्ट्राध्यक्षपदासाठी जोडीला घेणार का? मॅकेन यांच्या मनात ते होतं. सिनेटर लिंडसे ग्रॅहम यांचाही आग्रह होता. अडचण नियमातच आहे. नाव उमेदवार सुचवतो, शिक्कामोर्तब मात्र पक्षाच्या अधिवेशनातले प्रतिनिधी करतात. गर्भपाताच्या हक्काचा समर्थक समोर आणला तर सभागृहातच बंड होईल, असं सल्लागारांनी बजावलं.

29 ऑगस्ट. ओहायोतलं डेटन. मॅकेन यांचा 72वा वाढदिवस. व्यासपीठावर त्यांच्या शेजारी उपराष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवार म्हणून येतात अलास्काच्या गव्हर्नर सारा पेलिन.

चारच दिवसांनी, सेंट पॉलमध्ये, त्याच रिपब्लिकन अधिवेशनात लिबरमन भाषणाला उभे राहतात. पक्षापेक्षा देश मोठा, हे ते समोरच्या रिपब्लिकन प्रतिनिधींना सांगतात. भर गर्दीत चूक पदरात घालणारा आणि तरीही साथ न सोडणारा असा माणूस राष्ट्राध्यक्षाच्या शेजारी हवाच होता, असं आम्हाला ठामपणे वाटतं.

नोव्हेंबरमध्ये निकाल लागतो. राष्ट्राध्यक्ष ठरवणाऱ्या निर्वाचक मंडळाच्या मतांत डेमोक्रॅटिक उमेदवार बराक ओबामा 365, मॅकेन 173.

2018 साली आलेल्या आपल्या शेवटच्या पुस्तकात मॅकेन यांनी लिहिलं: सल्ला योग्य होता, पण मन सांगत होतं तो झुगार, आणि तसं करायला हवं होतं.

1 सप्टेंबर 2018. वॉशिंग्टनचं नॅशनल कॅथीड्रल. शवपेटीवर राष्ट्रध्वज. समोर बुश आहेत, ओबामा आहेत. मित्राबद्दल बोलायला लिबरमन उभे राहतात.