पाणी गायीकडे आणलं, मग काठ सावरला

न्यूझीलंडच्या नॉर्थ आयलंडचा हा पश्चिम किनारा, तारानाकी. मधोमध तो डोंगर दिसतोय ना, मळणीनंतरच्या राशीसारखा निमुळता, तो ज्वालामुखी आहे, उंची २५१८ मीटर, आणि त्याच्या अंगावरून ३०० च्या वर ओढे-नद्या चहूबाजूंनी उतरतात, बैलगाडीच्या चाकाच्या आऱ्यांसारख्या. खाली सपाटीला आल्या की बहुतेकींच्या दोन्ही बाजूंना कुरण, आणि कुरणात दुधाच्या गायी.

आता जरा खाली वाकून बघू. हा गायीचा खूर उमटलाय. साडेचारशे किलोचं जनावर, सगळं वजन चार खुरांवर, ओल्या मातीत पाय रुतला की खड्डा, खड्ड्यात पाणी, मागची गाय त्याच वाटेनं उतरते आणि थोड्याच दिवसांत काठाची घसरगुंडी होते. मग मोठा पाऊस आला की ती सुटलेली माती ओढ्यात जाते, मातीला चिकटलेलं स्फुरद पण तिच्यासोबत जातं, आणि खाली गढूळ पाण्यात शेवाळाला खत मिळतं.

आणि शेण. दक्षिणेकडच्या बेटावर शेरी नावाची नदी आहे, तिथे दूध काढायला नेताना २४६ गायींचा कळप पाण्यातून जायचा, तर संशोधकांनी चक्क मोजलं की गायी शेण कुठे टाकतात. वाटेवर टाकतात त्याच्या साधारण ५० पट जास्त, दर मीटरला, नदी ओलांडताना! आपल्याकडे म्हशी डोहात उतरताना ज्यांनी बघितल्यात त्यांना हे वेगळं सांगायला नको. तिथे मग गायींसाठी पूल बांधले.

तारानाकीत ओढ्याकाठी कुंपण घालून झाडं लावायचं काम १९९३ पासून चालू आहे. सुरुवातीला सक्ती नव्हती. प्रादेशिक कौन्सिलची माणसं शेतावर यायची, शेतकऱ्यासोबत ओढ्याकाठी चालायची, प्रत्येक शेताचा वेगळा नकाशा करून द्यायची की कुंपण कुठे, झाडं कुठे, आणि रोपं घाऊक भावात मिळायची. आजवर ५० लाखांपेक्षा जास्त रोपं लागलीत. पुढे २०२० मध्ये देशाचा नियम आला, १ मीटरपेक्षा रुंद ओढ्यापासून जनावरं निदान ३ मीटर लांब, आणि दुधाच्या गायींसाठी मुदत होती १ जुलै २०२३.

पण मला विचाराल तर सगळ्यात महत्त्वाची गोष्ट झाड नाही, तो हौद आहे. गाय ओढ्यावर का जाते, तहान लागते म्हणून जाते. नुसती झटका मशीनची तार ओढली आणि पाण्याची सोय केली नाही तर ती तार किती दिवस टिकणार? पाइप टाकून पाणी कुरणातच दिलं की गायीला ओढ्याची आठवणही येत नाही, आणि काठाला पहिल्यांदा श्वास घ्यायला मिळतो.

समुद्राजवळच्या काठाची गोष्ट तर अजून नाजूक. इनांगा नावाचा बोटाएवढा मासा, उन्हाळा सरता सरता उधाणाची भरती आली की तो काठावरच्या गवतात शिरतो आणि गवताच्या बुडाशी अंडी घालून जातो. पाणी ओसरतं, अंडी तिथेच ओलाव्यात राहतात, पुढच्या उधाणाची वाट बघत, साधारण दोन ते चार आठवडे. त्या मधल्या दिवसांत गायींनी गवत चरलं तर अंडी उन्हात सुकून जातात. अख्ख्या पिढीचा जीव वीतभर गवतावर!

झाडांचं म्हणाल तर पाण्याला लागून पूरेई नावाच्या लव्हाळ्यासारख्या गवताचे झुबके, त्यांची मुळं माती घट्ट धरतात, थोडं वर हाराकेके, म्हणजे लांब पात्यांचं तिथलं झुडूप, आणि मानुकाची झुडपं. पाण्यावर सावली पडते, पाणी थंड राहतं. नत्र मात्र सगळं अडत नाही हेही सांगायला हवं, कारण ते जमिनीखालून झिरपतं, शेतात पुरलेल्या चराच्या पाइपांतून थेट ओढ्यात येतं, काठावरचा झाडांचा पट्टा कितीही रुंद ठेवा.

लागवड हिवाळ्यात, म्हणजे इथल्या जून ते ऑगस्टमध्ये. त्या दिवशी मदतीला माणसं येतात, फोटो निघतात. खरं काम पुढची दोन-तीन वर्षं, कारण कुंपणाच्या आत चरायला कोणी नाही, गवत कमरेएवढं वाढतं आणि रोप त्यात गुदमरतं. ही बाई आज सकाळचं दूध काढून सरळ इकडे आलीय, एकेक रोप शोधतेय, हातानं गवत बाजूला करतेय, बुडाशी तण दाबून ठेवतेय. अजून पलीकडचा काठ बाकी आहे.