एक्स-रे मशीनवरचे ६० केव्ही नक्की करतात काय?

नमस्कार मंडळी! मनगटाचा एक्स-रे काढायला गेलात की टेक्निशियन तुमचा हात नीट ठेवतो, "हलू नका" म्हणतो आणि पार्टिशनमागे जाऊन पॅनेलवर आकडे लावतो. समजा ६० केव्ही (किलोव्होल्ट), १०० एमए (मिलीअँपिअर), ०.०५ सेकंद. बारावीला विद्युत क्षेत्रातल्या चार्जवर होणारं कार्य म्हणून जे शिकवतात, ते जवळपास सगळं त्या पहिल्या आकड्यात आहे.

(स्क्रीनवर ट्यूबची आकृती)

हा कॅथोड, म्हणजे टंगस्टनची तापलेली तार. समोर एक-दोन सेंटिमीटरवर अ‍ॅनोड, तोही टंगस्टनचा. मध्ये निर्वात पोकळी. तारेतून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात तेव्हा त्यांचा वेग पुढच्या मानाने काहीच नसतो. या दोन टोकांमध्ये ६०,००० व्होल्ट लावले की क्षेत्र त्यांना अ‍ॅनोडकडे ओढतं. एका इलेक्ट्रॉनवर झालेलं कार्य म्हणजे चार्ज गुणिले पोटेन्शियलमधला फरक. १.६ गुणिले १० चा उणे १९ वा घात कुलोम, गुणिले ६०,०००. उत्तर ९.६ गुणिले १० चा उणे १५ वा घात ज्यूल. हे शून्य मोजत बसण्यापेक्षा सरळ ६० किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्ट म्हणा; एका इलेक्ट्रॉनला एक व्होल्ट पार करताना मिळते ती ऊर्जा म्हणजे एक इलेक्ट्रॉन-व्होल्ट. मध्ये हवा नाही, त्यामुळे वाटेत टक्कर नाही, आणि ही सगळी ऊर्जा गतिज ऊर्जा होऊन अ‍ॅनोडपर्यंत पोचते.

आता हमखास येणारा प्रश्न. अ‍ॅनोड निम्म्या अंतरावर आणला तर? क्षेत्र दुप्पट, बल दुप्पट, म्हणजे ऊर्जाही दुप्पट? नाही हो. बल दुप्पट झालं, पण ते लागू होण्याचं अंतर निम्मं झालं. गुणाकार तोच, ६० किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्ट. फक्त प्रवास लवकर संपला. मार्गाचंही तसंच. कॅथोडभोवती एक फोकसिंग कप असतो, तो इलेक्ट्रॉनांना वळवून अ‍ॅनोडवरच्या एका बारीक पट्टीवर आणतो. कुणी सरळ आला, कुणी वळसा घेऊन आला, हिशेब सुरुवातीच्या आणि शेवटच्या पोटेन्शियलचाच. म्हणून टेक्निशियनला सेंटिमीटर विचारावे लागत नाहीत.

चिन्हांपाशी मात्र थांबू या, कारण पेपरात मार्क जातात ते इथेच. "चार्ज जास्त पोटेन्शियलकडून कमीकडे जातो" हे घोकलेलं वाक्य फक्त धन चार्जपुरतं खरं आहे. आपला इलेक्ट्रॉन कमीकडून जास्तीकडे निघालाय. पोटेन्शियल ६०,००० ने वाढलं, पण चार्ज ऋण, म्हणून त्याची स्थितिज ऊर्जा घटली. क्षेत्राने केलेलं कार्य म्हणजे क्यू गुणिले, सुरुवातीच्या पोटेन्शियलमधून शेवटचं वजा. कंसात उणे ६०,०००, बाहेर उणे चार्ज. उणे गुणिले उणे, कार्य धन. सूत्रात चिन्हासकट आकडे टाका, नियम पाठ करायची गरजच उरत नाही.

वेग काढायचाय? गतिज ऊर्जेचं नेहमीचं सूत्र, अर्धा गुणिले वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, वापरलात तर सेकंदाला सुमारे १.४५ लाख किलोमीटर येतात. खरा वेग सुमारे १.३४ लाख, कारण इथे सापेक्षता आडवी येते. ऊर्जेचा आकडा बरोबरच आहे, चुकतं ते तिच्यावरून वेग काढण्याचं जुनं सूत्र.

मग एमए कशाला? केव्हीने एका इलेक्ट्रॉनची ऊर्जा ठरली, एमए आणि सेकंदांनी इलेक्ट्रॉन किती ते ठरलं. १०० मिलीअँपिअर, ०.०५ सेकंद म्हणजे ०.००५ कुलोम, साधारण ३१ हजार लाख कोटी इलेक्ट्रॉन. एकूण कार्य ०.००५ गुणिले ६०,०००, म्हणजे ३०० ज्यूल. विजेच्या एका युनिटमध्ये असे १२ हजार एक्स-रे बसतील, अर्थात मशीनचा बाकीचा खर्च सोडून! पण हे ३०० ज्यूल त्या बारीक पट्टीवर ०.०५ सेकंदात आदळतात, म्हणजे ६ किलोवॉट. त्यातली सुमारे ९९ टक्के ऊर्जा नुसती उष्णता होते, एक्स-रे होतात ते जेमतेम एक टक्का. म्हणूनच बऱ्याच मशीनमध्ये अ‍ॅनोडची चकती गरगर फिरत ठेवतात, एकाच जागी मार बसून धातू वितळू नये म्हणून.

आणि मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. टंगस्टनच्या सर्वांत आतल्या कक्षेतला इलेक्ट्रॉन उडवायला सुमारे ६९.५ किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात. आपल्याकडे ६०. म्हणजे त्या कक्षेमुळे येणाऱ्या टंगस्टनच्या खास एक्स-रे रेषा इथे येणारच नाहीत, मग एमए कितीही वाढवा. इलेक्ट्रॉन दुप्पट झाले तरी दोघे मिळून एकाची उणीव भरून काढत नाहीत. केव्ही ७० च्या वर न्या, रेषा हजर.

एक गणित तुमच्यासाठी. याच ६० केव्हीमधून अल्फा कण सोडला, तर त्याला किती ऊर्जा मिळेल, आणि तो निघेल कुठल्या टोकाकडून? चिन्हासकट सोडवा आणि कॉमेंटमध्ये टाका.